'सीपीयू १०० टक्के' दिसलं की सर्व्हिस बंद करत सुटणाऱ्यांसाठी

पाषाणकर (धागाकर्ता)

काल इथे एक पोस्ट फिरत होती: 'जुना पीसी रॉकेट करा, या पाच गोष्टी कायमच्या बंद करा'. यादीत सर्च इंडेक्सिंग (शोध पटकन लागावा म्हणून फाइलींची सूची करणं), सिसमेन (नेहमीचे प्रोग्राम आधीच मेमरीत भरून ठेवणारी सर्व्हिस), विंडोज अपडेट, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) आणि पाचवी 'सिस्टिम आयडल प्रोसेस, जी ९५ टक्के सीपीयू खाते'. खाली 'धन्यवाद सर, खूप फरक पडला' म्हणणाऱ्यांची रांग. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून हा धागा.

आयडल प्रोसेसचा आकडा म्हणजे प्रोसेसर (सीपीयू) किती रिकामा बसलाय त्याचा आकडा. ९५ दिसतंय म्हणजे मशीन निवांत आहे. ती बंद होतच नाही, तेव्हा फरक नक्की कशाने पडला हे त्या रांगेलाच माहीत.

अपडेट बंद करणाऱ्यांनी २०१७ आठवावं. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. हल्ला मे महिन्यात झाला. दोन महिने हातात होते.

इंडेक्सर दोन दिवस धावतोय? आधी बघा काय वाचतोय. बऱ्याचदा एखादी अवाढव्य मेल फाइल असते, नाहीतर सतत बदलणारा फोल्डर. तेवढा इंडेक्सिंगच्या यादीतून काढला की झालं. काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, नाव बघा, मग रिसोर्स मॉनिटरमध्ये ती प्रोसेस कोणत्या फाइलींत गुंतलीये ते बघा. एवढं न करता जो गळा दाबत सुटतो, त्याला दुरुस्ती म्हणू नये.

हार्डवेअरवाला नाना

लेख छान. आता माझ्या दुकानात या. गिऱ्हाईक दहा वर्षांपूर्वीचं मशीन आणतं, चार जीबी रॅम, फिरणारी हार्डडिस्क. म्हणतं, 'संध्याकाळपर्यंत द्या, उद्या जीएसटी भरायचाय.' त्याला रिसोर्स मॉनिटर शिकवू? सिसमेन बंद, इंडेक्सिंग बंद, स्टार्टअपमधला कचरा बंद, वीस मिनिटांत मशीन हलायला लागतं. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका म्हटलं तर 'पुढच्या महिन्यात बघू'. तो पुढचा महिना मी अजून पाहिलेला नाही.

पुण्याच्या लोकांना प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायचं असतं. आम्हाला दुकान चालवायचं असतं.

पाषाणकर

नाना, पुणं कुठून आलं मध्ये? हार्डडिस्क असेल तर तुमचा त्रास डिस्कचा आहे, सीपीयूचा नाही. दोन्हीकडे '१०० टक्के' लिहिलेलं असतं म्हणून रोग एक होत नाही.

बोरिवली_लोकल

डिफेंडरची बाजू घेणाऱ्यांना एक आठवण. फायरफॉक्स वापरलं की डिफेंडर सीपीयू खातो ही तक्रार २०१८ मध्ये नोंदवलेली. दुरुस्ती आली २०२३ मध्ये. पाच वर्षं! तोवर माझ्यासारख्यांनी 'काय वाचतोय ते बघत' बसायचं होतं का?

पाषाणकर

उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. ते सुटलं कसं? मोझिलाच्या लोकांनी डिफेंडर त्या वेळी नेमकं काय करतोय हे मोजलं. फायरफॉक्सने मेमरीच्या परवानग्या बदलायला सांगितलं की दर वेळी डिफेंडर गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होता. तो बंद करून टाळ्या पिटणाऱ्यांमुळे नाही सुटलं.

बोरिवली_लोकल

मान्य. पाच वर्षं आमचा पंखा फिरला, मोजमाप त्यांचं झालं. सत्कार करू.

उबुंटूवासी

विंडोज काढून लिनक्स टाका, प्रश्नच मिटला.

हार्डवेअरवाला नाना

आला! त्यावर हिशोबाचं टॅली चालवून दाखवा, मग बोला.

न्यूजर्सीकर

उबुंटूवासी, लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपचा बालू आणि नोम डेस्कटॉपचा ट्रॅकर हे इंडेक्सर नाहीत तर काय भजनी मंडळ आहे का? त्यांनीही लॅपटॉप तापतो.

माझं दुखणं वेगळंच. ऑफिसच्या लॅपटॉपवर अँटीव्हायरस, फाइली बाहेर जातात का बघणारा एजंट, पॅचेस टाकणारा एजंट, असे एकावर एक. मी फाइल सेव्ह केली की सगळे ती तपासायला धावतात. अ‍ॅडमिनचे हक्क मला नाहीत. आयटीचं ठरलेलं उत्तर, 'रीस्टार्ट केलंत का?'

माई_डोंबिवली

मला एक विचारायचंय, भांडण थांबवून सांगा. सोसायटीच्या हिशोबाचा कॉम्प्युटर सतत घोंघावतो, पण टास्क मॅनेजर उघडला की लगेच शांत होतो. बघायला गेलं की काहीच दिसत नाही. भूतबाधा आहे का?

बोरिवली_लोकल

माई, मायनर बसलाय, म्हणजे आभासी चलन खणणारा चोरटा प्रोग्राम. तुमच्या विजेवर कोणीतरी मोनेरो नावाचं चलन खणतोय. टास्क मॅनेजर दिसला की गप्प बसायचं ही त्यांची जुनी युक्ती.

पाषाणकर

लगेच घाबरवू नका. विंडोजची स्वतःची देखभालही मशीन रिकामं असताना चालते आणि आपण हात लावला की थांबते. माई, नुसता माउस हलवल्यावर पंखा शांत होतो का? होत असेल तर देखभाल. टायपिंग चालू असतानाही घोंघावत असेल आणि फक्त टास्क मॅनेजर उघडल्यावरच गप्प बसत असेल, तर बोरिवलीकरांची शंका खरी असू शकते. आणखी एक: डिफेंडरच्या सेटिंगमध्ये 'एक्सक्लूजन'ची यादी बघा, तिथे काय लिहिलंय?

माई_डोंबिवली

हिशोब टाकतानाही घोंघावतो. आणि त्या यादीत 'सी' ड्राइव्ह लिहिलाय. म्हणजे काय?

पाषाणकर

म्हणजे डिफेंडरला, रखवालदाराला, सांगून ठेवलंय की घरात बघू नकोस. कोणी भरून दिला होता कॉम्प्युटर?

माई_डोंबिवली

स्टेशनजवळच्या एका दुकानात. 'सगळं टाकून देतो' म्हणाला, विंडोज, ऑफिस, सगळं. पावतीवर फक्त मशीनच लिहिलंय.

न्यूजर्सीकर

झालं. पैसे न भरता विंडोज-ऑफिस चालू करून देणारा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर. 'चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना ज्याच्यासोबत येते, तो कार्यक्रम काय करणार आहे हे कळायला अजून काय लिहून हवं?

आणि हे आपल्याकडे किती सहज खपतं! चाळीस हजारांचं मशीन घेताना घासाघीस नाही, सॉफ्टवेअरचे पैसे म्हटले की तोंडं वाकडी.

अक्षरजुळणी

डॉलरमध्ये पगार घेऊन उपदेश करणं सोपं. सांगलीत डीटीपी (छपाईसाठी पानं जुळवायचं काम) करते मी. पानामागे मिळणारा दर बघा आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं बघा. लग्नपत्रिकेत ते निघत नाही.

न्यूजर्सीकर

पगाराचा काय संबंध? इंकस्केप आहे, स्क्रायबस आहे, लिब्रेऑफिस आहे. फुकट आणि कायदेशीर.

अक्षरजुळणी

आणि छापखाना कोरलची फाइल मागतो तेव्हा त्याला काय देऊ, प्रवचन? तुमचे फुकटवाले माझ्या जुन्या फाँटच्या फाइली उघडतात का बघा एकदा. जोडाक्षरांची काय दशा होते ती तुम्हाला दिसत नाही, कारण तुम्ही मराठीत एक हँडबिलही छापलेलं नाही.

न्यूजर्सीकर

वैयक्तिक व्हायचं कारण नव्हतं.

अक्षरजुळणी

सुरुवात 'आपल्याकडे' म्हणून कोणी केली?

हार्डवेअरवाला नाना

ताईंशी सहमत. लॅमिंग्टन रोडपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळे हेच करतात. मी 'ओरिजिनल विंडोजचे वेगळे पडतील' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. तिथे 'सगळं टाकून' मिळतं. मग चोर कोण, मी की गिऱ्हाईक?

बोरिवली_लोकल

दोघेही. आणि मशीन तिसऱ्यासाठी मोनेरो खणतंय.

हार्डवेअरवाला नाना

मी एक्सक्लूजनमध्ये अख्खा सी ड्राइव्ह टाकत नाही. तेवढी अक्कल आहे. फक्त अ‍ॅक्टिव्हेटरचा फोल्डर टाकतो.

पाषाणकर

नाना, हे लेखी दिलंत बरं का.

माई, सोसायटीचे हिशोब आणि बँकेचं लॉगिन त्यात असेल तर आज ते मशीन वापरूच नका, पासवर्ड दुसऱ्या ठिकाणाहून बदला. ते एक्सक्लूजन काढून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, तो विंडोज सुरू होण्याआधी चालतो, त्यामुळे लपणाऱ्याला लपता येत नाही. खरं म्हणजे डेटा काढून विंडोज नव्याने टाका. आणि यावेळी विकत घेऊन.

माई_डोंबिवली

स्कॅनमध्ये लाल अक्षरांत काय काय आलंय. विंडोजच्या खर्चाला कमिटीची मंजुरी लागेल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून सभा आधीच पेटलीये, त्यात हे. असो.

अक्षरजुळणी

मूळ विषयावर माझंही एक. माझं मशीन टास्क मॅनेजरमध्ये कायम २५ टक्के दाखवतं, ना २४ ना २६. हजारो फाँट आहेत, फाँट कॅश (विंडोजने करून ठेवलेला फाँटच्या माहितीचा साठा) असेल असं भाऊ म्हणतो.

पाषाणकर

प्रोसेसर एका वेळी चार कामं (थ्रेड) चालवणारा असेल तर बरोबर २५ म्हणजे एकच थ्रेड एका जागी अडकून गरगरतोय. फाँट कॅश असू शकते, पण अंदाज कशाला? 'तपशील' टॅबमध्ये नाव बघा.

अक्षरजुळणी

स्पूलएसव्ही.

हार्डवेअरवाला नाना

प्रिंट स्पूलर, छपाईची रांग सांभाळणारी सर्व्हिस! ताई, फाँटला हात लावू नका. सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवा, सिस्टिम३२ मधल्या 'स्पूल' फोल्डरात 'प्रिंटर्स' आहे, त्यातल्या फाइली उडवा, सर्व्हिस परत चालू करा. विकलेल्या प्रिंटरला पाठवलेली एखादी प्रिंट अडकलेली असणार.

अक्षरजुळणी

झालं! जुन्या लेझरला पाठवलेली दिवाळी अंकाची जाहिरात होती. २५ चे २ झाले.

पाषाणकर

नाना, बघा. नाव बघितलं, कारण सापडलं, आणि सर्व्हिस परत चालूही केलीत. माझा धागा तुम्हीच सिद्ध केलात.

हार्डवेअरवाला नाना

दुकानात केलं असतं तर तीनशे रुपये झाले असते, इथे फुकट सिद्ध झालं. पण सिसमेन मी बंद करणारच.

पाषाणकर

हार्डडिस्कवाल्या मशीनवर करा, तेवढं सोडलं. पण अपडेट बंद केलेलं मशीन गिऱ्हाईकाला दिलंत, तर पावतीवर तसं लिहून द्या.

हार्डवेअरवाला नाना

पावती कोण मागतंय?