लॉर्ड हाऊची पांढरी पाणकोंबडी

कोणीतरी लिहिलंय की ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या लॉर्ड हाऊ बेटावरचा, आता नामशेष झालेला पांढरा पक्षी म्हणजे आपली जांभळी पाणकोंबडीच, फक्त अल्बिनो, म्हणजे जन्मतःच रंग नसलेली. मला नाही पटत. रंग सोडा, पाय बघा ना. जांभळीची बोटं केवढी लांब, त्या बोटांवर वजन विभागलं जातं म्हणून ती तरंगत्या पाणवनस्पतींवरून आरामात चालते, आणि उडताना कितीही अवघडलेली वाटली तरी दूरदूरच्या बेटांवर पोचलीये ती. बेटावरच्या पक्ष्याचे पाय आखूड नि जाड, बोटंही आखूड, म्हणजे दलदलीपेक्षा जमिनीवर वावरणारा. हे नुसतं पिसांचा रंग उडाल्याने होत नाही. शिवाय हा पक्षी जिवंत असतानाच्या काळातल्या चित्रांत काही पक्षी निळे आणि काही निळे-पांढरे मिसळलेलेही आहेत, चोच आणि पाय लाल.

मला सगळ्यात जास्त लागतो तो हा पक्षी संपण्याचा वेग. १७८८ मध्ये 'सप्लाय' या ब्रिटिश जहाजाला बेट दिसलं, त्याआधी तिथे माणूसच नव्हता, त्यामुळे या पक्ष्यांना पळायचं असतं हे माहीतच नव्हतं, आणि येणारीजाणारी जहाजं, नंतर व्हेल पकडणारे, ताजं मांस म्हणून मारत राहिले. १८३४ मध्ये पहिली वस्ती झाली तोवर पक्षी संपलाच होता बहुतेक. आता कातडी उरल्यात फक्त दोन, एक व्हिएन्नात, एक लिव्हरपूलला.

न्यूझीलंडचा टाकाहे हा पक्षी याच कुळातला, तोही संपला असं धरलं होतं, पण १९४८ मध्ये डोंगरात सापडला. लॉर्ड हाऊ एवढंसं बेट, तिथे लपायला जागाच कुठे होती.