वर्ग आठवड्याला बाराच तास, तरी वेळ पुरत नाही: परदेशी विद्यापीठात अभ्यासाचं गणित कसं बसवायचं?

अधांतरी
परदेशात मास्टर्सचं पहिलं सत्र, सहावा आठवडा. ३० ईसीटीएस (युरोपात अभ्यासाचा भार मोजायची पद्धत) क्रेडिट घेतली आहेत, वर्ग आठवड्याला १२ तास. पण वाचनाची यादी दर आठवड्याला १२० पानांच्या आसपास जाते आणि निम्मीही संपत नाही. पहिल्या निबंधाला १०० पैकी ६२ मिळाले. दुसऱ्याचा कच्चा खर्डा टर्निटिनमध्ये (इतर मजकुराशी साम्य तपासणारी संगणक प्रणाली) टाकला तर २७ टक्के साम्य दाखवतंय. ६२ म्हणजे काठावर पास समजायचं का? २७ टक्के धोक्याचे आहेत का? आणि मुळात दिवसाचे किती तास अभ्यास अपेक्षित असतो? नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

तासांचा_हिशेब
वेळापत्रक बाजूला ठेवा आणि क्रेडिट मोजा. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम. त्यात वर्ग, वाचन, निबंध, परीक्षेची तयारी सगळं आलं. ३० क्रेडिट म्हणजे ७५० ते ९०० तास. परीक्षेसकट सत्र २० आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ३७ ते ४५ तास होतात. त्यातले १२ वर्गात गेले, उरलेले २५ ते ३३ कुठल्याच वेळापत्रकात छापलेले नसतात. ते तुम्हीच आखायचे. घोळ होतो तो इथेच.

(ब्रिटनमध्ये एक क्रेडिट १० तासांचं धरतात, म्हणजे तिथली दोन क्रेडिट साधारण एका ईसीटीएसएवढी. अमेरिकेत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असा ढोबळ हिशेब.)

निबंधाचं उलट्या बाजूने मांडा. ३००० शब्दांच्या निबंधाला माझा अंदाज असा: प्रश्न फोडायला २ तास, वाचन १६, आराखडा ३, खर्डा १०, फेरलेखन ६, संदर्भ तपासणी ३. झाले ४० तास. आठवड्याला ८ तास काढता येत असतील तर मुदतीच्या पाच आठवडे आधी सुरुवात हवी. बहुतेक जण दहा दिवस आधी बसतात आणि मग कात्री लागते ती फेरलेखनाला. गुण नेमके तिथेच जातात.

याच्यावर आठवड्याला २० तासांची नोकरी लावली की बेरीज ६५ पर्यंत जाते. कायद्याने परवानगी असली तरी आधी ही बेरीज करून बघा.

समासातली_टीप
वाचनाबद्दल. यादीत ‘आवश्यक’ आणि ‘अधिक वाचन’ असे दोन भाग असतात का ते पाहा. बहुतेक ठिकाणी असतात. दुसरा भाग निबंधासाठी असतो, दर आठवड्याला संपवण्यासाठी नव्हे.

शोधनिबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नाही. आधी सारांश, मग निष्कर्ष, मग उपशीर्षकं आणि आकृत्या, मग प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य. १५ मिनिटं पुरतात. त्यानंतर ठरवा की पूर्ण वाचायचा की सोडायचा. कुठल्याही परिस्थितीत पाच ओळी लिहून ठेवा: प्रश्न काय, दावा काय, पुरावा कसला, कच्चा दुवा कुठे, या आठवड्याच्या व्याख्यानाशी संबंध काय. पिवळ्या रंगाने अख्खं पान रंगवणं म्हणजे वाचन नव्हे, रंगकाम.

वेग कमी पडण्याचं दुसरं कारण शब्द. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’ शोधा. त्यात ५७० शब्दकुलं (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं) आहेत आणि अभ्यासविषयक इंग्रजी मजकुरातले साधारण १० टक्के शब्द त्यांतलेच असतात. रोज दहा घेतली तर दोन महिन्यांत यादी हातावेगळी होते. विषयाची परिभाषा मात्र वेगळी, ती या यादीत नाही.

तळटीप_बहाद्दर
वरच्या पद्धतीला एक अपवाद. सेमिनार ज्या एका लेखावर आहे तो पूर्ण वाचा, पद्धतीच्या भागासकट. चर्चा तिथेच अडते आणि सारांशावर भिस्त ठेवणारा दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

आता २७ टक्के. टर्निटिन चोरी पकडत नाही, जुळणारा मजकूर दाखवतं. निबंधाचा छापील प्रश्न, अवतरणं, संदर्भसूची हे सगळं त्यात मोजलं जाऊ शकतं. अमुक टक्क्यांखाली सुरक्षित अशी रेषा नसते. २७ टक्के निव्वळ संदर्भसूचीमुळे असतील तर काळजी नाही. आणि ६ टक्के एकाच परिच्छेदात एकाच स्रोताचे असतील तर गंभीर आहे. अहवाल उघडा, संदर्भसूची आणि अवतरणं वगळा, मग उरलेली प्रत्येक रंगीत पट्टी बघा.

खरी अडचण बहुधा वाक्यरचनेत निघते. मूळ वाक्य समोर ठेवून तीन-चार शब्द बदलले की ते तुमचं होत नाही, खाली संदर्भ दिला तरीही. उपाय: परिच्छेद वाचा, बंद करा, मुद्दा मराठीत स्वतःशी बोला, मग न बघता लिहा. शेवटी मूळ उघडून अर्थ ताडून पाहा आणि संदर्भ द्या. टिपणं काढताना उतरवलेल्या ओळीला तिथल्या तिथे अवतरणचिन्हं आणि पान क्रमांक घाला. तीन आठवड्यांनी कुठली ओळ आपली आणि कुठली लेखकाची हे कुणालाच आठवत नाही.

संदर्भ साठवून सूची बनवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, मोफत आहे. पण त्याने ओढलेली माहिती आंधळेपणाने घेऊ नका. लेखकाचं आडनाव-नाव उलटं पडणं, साल गायब होणं हे नेहमीचं.

आणखी दोन सापळे: स्वतःचाच जुना निबंध पुन्हा वापरणं, आणि मित्राला ‘फक्त बघायला’ म्हणून पूर्ण फाइल देणं. दुसऱ्यात चौकशी दोघांचीही होऊ शकते. एआय साधनांचे नियम विषयागणिक वेगळे असू शकतात, म्हणून एका विषयाचा नियम दुसऱ्याला लावू नका.

अधांतरी
धन्यवाद. अहवाल उघडला. संदर्भसूची वगळल्यावर ११ टक्के उरले, त्यातले ७ एकाच लेखाचे. तो भाग नव्याने लिहितो. ६२ चं राहिलं. शिवाय प्राध्यापक ‘ऑफिस अवर्सना या’ म्हणतात, तिथे जाऊन नक्की काय बोलायचं?

मागचा_बाक
ब्रिटिश धर्तीच्या पद्धतीत ६० ते ६९ हे चांगले गुण आहेत आणि ७० च्या पुढे अव्वल. मास्टर्सला पास बहुधा ५० ला. तेव्हा ६२ काठावर नाहीत. जर्मनीत तर उलटं, १.० सर्वोत्तम आणि ४.० ला जेमतेम पास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास. आकड्याची टक्केवारी काढत बसू नका, मूल्यांकनाचा तक्ता उघडा. ६२ आणि ७० मधला फरक बहुतेक ‘वर्णन’ आणि ‘चिकित्सा’ या दोन शब्दांत असतो: लेखक काय म्हणतो ते सांगून थांबलात, की त्याचं कुठे पटतं, कुठे नाही आणि का, हेही मांडलंत.

ऑफिस अवर्स म्हणजे ठरलेल्या वेळेत उघडं दार. १०-१५ मिनिटं मिळतात असं धरा. आधी ई-मेल, विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचा कोड, मजकूर तीन-चार ओळी. सोबत एका पानाचा आराखडा न्या, पूर्ण खर्डा नको, तो वाचायला बहुतेक जण नकार देतात. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारलंत तर ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळेल. ‘दुसरा मुद्दा प्रश्नाला लागू पडतो, की विषयांतर होतंय?’ असं विचारा. गेल्या निबंधावरचा शेरा दाखवून ‘या वाक्यात काय असतं तर गुण वाढले असते?’ हा प्रश्नही चांगला.

सेमिनारमध्ये पहिल्या दहा मिनिटांत बोला. जितका उशीर तितकी भीती वाढते, आणि तोवर तुमचा मुद्दा दुसरं कुणी मांडून मोकळं होतं. एक पान क्रमांक आणि त्यावरचा एक प्रश्न लिहून नेला की पुरे.

तासांचा_हिशेब
एक राहिलं. आजारपण किंवा झोपेचं तंत्र बिघडणं यामुळे मुदत हुकणार असेल तर मुदतवाढीचा अर्ज आधी करा, नंतर नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत किंवा विद्यापीठाच्या भाषेत लागते आणि तिच्यावर आजारपणाच्या तारखा हव्यात. नुसतं ‘तपासलं’ असं लिहिलेली चिठ्ठी परत येऊ शकते.