प्रति: घुमटाचे तुकडे आणि कागदाचा ग्रेन

कागदी मॉडेलसाठी घुमट उलगडताना शंभर चिंधड्या होतात म्हणून इथल्या पोस्टमध्ये पेपाकुराला (थ्रीडी मॉडेलचे कापायचे सपाट तुकडे करून देणारं सॉफ्टवेअर) नावं ठेवलीत, ते काही पटलं नाही. दंडगोल आणि शंकू सपाट होतात, गोल होत नाही. गणितज्ञ गाऊसने १८२७ मध्येच हे दाखवून ठेवलंय. मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये यूव्ही स्फीअर (अक्षांश-रेखांशांसारख्या रेघांचा गोल) घेताना १२ सेगमेंट (उभे भाग), ८ रिंग (आडवे भाग) एवढंच ठेवतो आणि उभ्या कडांना सीम, म्हणजे कापायची खूण, लावतो. मग 'एक्स्पोर्ट पेपर मॉडेल' अॅडऑनमधून संत्र्याच्या फोडींसारख्या पट्ट्या निघतात.

पण कागदाच्या ग्रेनबद्दल, म्हणजे त्यातले तंतू ज्या दिशेला असतात त्याबद्दल, इथे कोणीच बोललं नाही. सॉफ्टवेअर जागा वाचवायला तुकडे कसेही फिरवतं, त्याला ग्रेन कुठून कळणार? दिवाळीच्या किल्ल्यासाठी केलेल्या माझ्या घुमटात २०० जीएसएमच्या (जाड कागदाच्या) निम्म्या पट्ट्या घडीवर सुंदर बसल्या, उरलेल्यांच्या घड्या ग्रेनला आडव्या गेल्या, तिथे शाई तडकून पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. रात्री अकराला पोस्टर कलरने डागडुजी! आता कोरा कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघतो. ज्या बाजूने मुकाट वाकतो, त्या घडीला ग्रेन समांतर. पट्ट्यांच्या आडव्या घड्या त्याच दिशेत येतील असे तुकडे हाताने फिरवायचे. एखादं पान जास्त लागतं, लागू दे.