खरखरीतून आलेला आवाज : मनात घर केलेला पहिला अल्बम (अनुभव धागा)

दूरदेशी

काल रात्री लेक सोफिया कोपोलाचा 'मारी अँत्वानेत' हा चित्रपट बघत बसली होती. मी ओट्यापाशी उद्याचे डबे भरत होतो. मधेच गिटारची ती खरखर कानावर आली आणि हातातलं झाकण हातातच राहिलं. 'कीन ऑन बॉइज' हे गाणं. बँड द रेडिओ डिपार्टमेंट. आमच्या स्वीडनमधल्या लुंडची पोरं!

२००४ साली मी लुंडला शिकत होतो. डेल्फी वसतिगृहाच्या कॉरिडॉरमध्ये एक खोली, बारा जणांत एक स्वयंपाकघर. ऑक्टोबरात साताऱ्याला बाबा गेले. काका फोनवर म्हणाले, "तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल रे, परीक्षा दे." दिली. पासही झालो. रडू मात्र आलं नाही. आईशी फोनवर बोलायचो तेही कार्डातली मिनिटं मोजत. ती विचारायची जेवलास का, मी विचारायचो गोळ्या घेतल्यास का. बाबांचा विषय दोघंही काढत नव्हतो.

डिसेंबरात वाचनालयात लंडनचं एनएमई हे संगीताचं साप्ताहिक चाळत होतो. वर्षातल्या उत्तम अल्बमांची यादी होती आणि पहिल्या दहांत 'लेसर मॅटर्स'. बँड लुंडचा. मी दोनदा वाचलं. ज्या गावात दुपारी पावणेचारला अंधार पडतो, जिथला वारा सायकलसकट माणूस ढकलतो, तिथल्या पोरांचा पहिलाच अल्बम! कॉरिडॉरमधल्या स्वीडिश मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, इकडे तर तो २००३ लाच आला, लाब्रादोर नावाच्या छोट्या कंपनीकडून. ब्रिटनमध्ये एक्सएल कंपनीनं काढला तो यंदा. आणि आत जाऊन त्यानं मला सीडीच आणून दिली.

बोतुल्फ्सप्लात्सेन चौकातून बसमध्ये बसलो, कानात हेडफोन. समीक्षकांनी माय ब्लडी व्हॅलेंटाइन या गोंगाटी गिटारवाल्या बँडशी तुलना केली होती म्हणून मला वाटलं नुसता गोंगाट असेल. गोंगाट होताच. पण त्याच्या आत, पार खाली, एक माणूस हळू आवाजात काहीतरी सांगत होता. शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं आणि शब्द न कळता नुसतं दुःख कळावं, तसं. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माझं रडू फुटलं. थांबा कधी गेला कळलंच नाही. ड्रायव्हरनं दिवे मालवून परत लावले आणि शेवटचा थांबा आला म्हणून सांगितलं, तेव्हा उतरलो. चाळीस मिनिटं चालत परत आलो आणि त्या रात्री आईशी पहिल्यांदा बाबांबद्दल बोललो.

तुमचाही असा एखादा पहिला अल्बम असेल. कुणी कौतुक केलं म्हणून हाती आला आणि मग सुटलाच नाही असा. स्वीडनचा असेल तर फारच छान, नसला तरी लिहा.

कढीपत्ता

दादा, डोळ्यात पाणी आणलंत सकाळी सकाळी. पोळ्या चालू आहेत, नंतर नीट लिहिते.

सांगलीकर_७१

या बँडचं नाव कुठून आलं माहीत आहे का? लुंडमध्ये एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागी रेडिओ दुरुस्तीचं दुकान झालं होतं, 'रादिओआव्देलनिंगेन'. त्यावरून. पुतण्यानं सांगितलं तेव्हा मी हा अल्बम मुद्दाम लावून ऐकला, कारण आमच्या वडिलांचं सांगलीत रेडिओ दुरुस्तीचंच दुकान होतं. मर्फी, फिलिप्स, सगळे व्हॉल्व्हवाले. शाळा सुटली की मी दुकानात. डायलची दोरी तुटलेली असायची, ती कप्पीवरून ओवायचं काम माझं, कारण बोटं बारीक. वडील डाग द्यायचे तेव्हा राळेचा धूर यायचा. तो वास अजून नाकात आहे. गिऱ्हाईक म्हणायचं, "खरखर फार येतीया हो." वडील व्हॉल्यूमच्या बटणात स्पिरिटचा थेंब सोडायचे, बटण चार वेळा इकडून तिकडे फिरवायचे, आणि खरखर गेली की पलीकडून एकदम माणूस बोलायला लागायचा. मला जादूच वाटायची ती.

हा अल्बम ऐकला तेव्हा वाटलं, यांनी ती खरखर काढलीच नाही. राहू दिली. आणि माणूस तरी ऐकू येतोच.

इंग्रजी मला निम्मं कळतं. पण दूरदेशी म्हणतात ते खरं, शब्दांवाचून अडत नाही.

दूरदेशी

@सांगलीकर काका, वीस वर्षं मी हा अल्बम ऐकतोय, पण 'खरखर काढलीच नाही' हे मला सुचलं नव्हतं. नमस्कार तुम्हाला.

फेडर_खाली

मी मुंबईत साउंडचं काम करतो, म्हणून थोडं. ही खरखर अपघातानं आलेली नाही. मोठ्या स्टुडिओत गाणाऱ्याचा आवाज सगळ्यात पुढे ठेवतात, गिटार बाजूला. इथे उलटं. आवाज मागे, त्यावर रिव्हर्ब म्हणजे घुमारा, गिटार इतकी तापवलेली की तिच्या कडा फाटतात, आणि खाली साधं ड्रम मशीन. घरच्या घरी रेकॉर्डिंग. पैसे नव्हते ही एक गोष्ट, पण पैसे आले असते तरी यांनी असंच केलं असतं असं मला वाटतं. पुढचा अल्बम 'पेट ग्रीफ' २००६ चा. त्यात सिंथेसायझर जास्त, कडा मऊ. तोही चांगला, पण पहिल्यासारखी धग नाही. समीक्षकांना पहिल्यात जे दिसलं ते खरंच तिथे आहे. दर वेळी असं होत नाही, इथे झालं.

एस्किलस्टूनाची_सून

कुणी केंट बँडचं नाव काढलं नाही अजून???

आम्ही २०१३ ला इथे आलो. नवरा व्होल्वोच्या बांधकाम यंत्रांच्या कामात. एस्किलस्टूना म्हणजे कारखान्यांचं गाव, जुनं पोलादाचं, सुऱ्या-कात्र्यांचं. मी पिंपरीत वाढले, मला पहिल्याच दिवशी माहेरी आल्यासारखं वाटलं, थंडी सोडली तर. केंट याच गावचे. पहिला अल्बम मार्च १९९५ चा, नावही नुसतं 'केंट'. गाणी सगळी स्वीडिशमध्ये.

मी एसएफआयला जायचे, म्हणजे बाहेरून आलेल्यांना सरकार फुकट स्वीडिश शिकवतं तो वर्ग. पुस्तकातले धडे सगळे दुकानात जा, डॉक्टरकडे जा, बस विचारा असले. आमच्या शिक्षिका एकदा म्हणाल्या, एवढ्यानं भाषा येत नाही, घरी केंट ऐका. गाणं कागदावर लिहून घ्यायचे, अडलेल्या शब्दाखाली रेघ. एका गाण्यात 'घाबरलेला' हा शब्द आला, 'रेद'. तोवर मला भूक लागली, थंडी वाजते, पोट दुखतं हे सगळं स्वीडिशमध्ये सांगता येत होतं. भीती वाटते हे येत नव्हतं. खूप वाटत होती हो तेव्हा. सहावा महिना होता आणि इथे कुणी नव्हतं. पुढच्या तपासणीला नर्सबाईंना मी ते वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

खरं मोठं नाव झालं ते १९९७ च्या 'इसोला'नं. पण माझा अल्बम पहिलाच. १७ डिसेंबर २०१६ ला स्टॉकहोममध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, तिकीट नाही मिळालं. आमच्या शिक्षिका गेल्या होत्या. सोमवारी वर्गात आल्या तर आवाज बसलेला.

कढीपत्ता

ताई, खुर्ची ओढली वाचून पोळी करपली माझी. मुलगा झाला की मुलगी?

एस्किलस्टूनाची_सून

@कढीपत्ता मुलगी. आता मला स्वीडिश उच्चार शिकवते ती.

मोली_मांडर

मालमो-लुंड बाजूला कांदा लसूण मसाला कुठे मिळेल? विषय वेगळा आहे, माफ करा, पण इथे स्कोनेतली, म्हणजे दक्षिण स्वीडनची मंडळी दिसली म्हणून विचारते. आईनं दिलेला संपला.

दूरदेशी

@मोली_मांडर मालमोत मोलेवोंगेनला देशी दुकानं आहेत, मसाले सगळे मिळतात. पण कांदा लसूण आपल्या चवीचा नाही मिळत. घरीच करा, सुकं खोबरं तिथे मिळतं.

चाकणवाला

लुंडला कंपनीच्या कामानं तीनदा गेलोय, टेट्रापॅकचं गाव म्हणून. दुधाच्या खोक्यांपलीकडे त्या गावात काय आहे हे कुणी सांगितलंच नाही! आज ऐकतो, घरी जाताना नाशिक फाट्यावर वेळच वेळ असतो.

ट्राम_नंबर_अकरा

गोथेनबर्गवरून. आमच्याकडे हा विषय निघाला की ब्रूडर डॅनियल हा बँड आलाच. त्यांचाही पहिला अल्बम १९९५ चाच. १९९८ साली लुकास मूडिसनच्या ओमोल गावावरच्या चित्रपटात त्यांची गाणी आली आणि ओमोलसारख्या लहान गावात घुसमटणाऱ्या पोरांना एकदम आपलं कुणी भेटलं. डोळ्यांभोवती काळं फासलेली मुलं, इथे त्यांना पांडा म्हणायचे.

मी २००८ ला आलो, ऑगस्टात. आठच दिवस झाले होते. ऑफिसातला एक जण म्हणाला चल, स्लॉट्सस्कोगेन बागेत वे आउट वेस्ट हा संगीत महोत्सव आहे. मला बँडचं नावही माहीत नव्हतं. त्यांचा गिटारवादक आंदेश गोथबेर्ग मार्चमध्ये गेला होता आणि हा त्याच्यासाठीचा शेवटचा कार्यक्रम होता. माझ्याबरोबरचा सहकारी, चांगला चाळिशीचा, एरवी हवेबद्दलही दोन वाक्यं न बोलणारा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. ओळख आठ दिवसांची! मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिलो, दुसरं काय करणार. सोमवारी ऑफिसात त्यानं नुसती मान हलवली. पण तेव्हापासून दर दिवाळीला तो आमच्याकडे फराळाला असतो, चकली मागून घेतो.

आणि त्याच बँडमध्ये आधी ड्रम वाजवणारा हॉकान हेलस्ट्रम. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम २००० सालचा. सूर लागत नाही म्हणणारे होते, डोक्यावर घेणारे त्याहून जास्त. २०१४ ला उलेवी स्टेडियमवर ६९ हजारांवर माणसं आली. मी होतो. सूर कुणाचाच लागत नव्हता, आमचाही नाही, आणि काही बिघडलं नाही.

निळी_छत्री

मला एक पटत नाही. गाणाऱ्याचे शब्द ऐकू येऊ नयेत ही कसली रीत? आपल्याकडे भावगीतात शब्द आधी. बाबूजींकडे प्रत्येक अक्षर स्वच्छ. समीक्षकांनी कौतुक केलं म्हणून मीही ऐकला हा अल्बम, दोनदा. गोंगाटच वाटला. दूरदेशींच्या दुःखाबद्दल आदर आहे, त्याबद्दल बोलत नाहीये.

दूरदेशी

@निळी_छत्री तुम्ही दोनदा ऐकलात, त्याबद्दल आभार. बाबूजी माझ्याही घरातले, बाबांचे सर्वात आवडते. म्हणूनच ते दोन महिने मी बाबूजी लावूच शकलो नाही. प्रत्येक शब्द लख्ख कळायचा, तेच सोसत नव्हतं. तेव्हा मला न कळणारे शब्द हवे होते. जानेवारीत मग लावले.

निळी_छत्री

हे समजलं. आता पुन्हा ऐकते एकदा.

उप्सालाचे_आजोबा

स्वीडनसारख्या एक कोट वस्तीच्या देशात एवढे बँड कसे, असा प्रश्न मला नातवामुळे पडला. आम्ही सहा महिने इथे, सहा महिने ठाण्यात. तो नगरपालिकेच्या संगीतशाळेत जातो. जवळपास प्रत्येक गावात अशी शाळा आहे, फी अगदी थोडी, वाद्यही मिळतं. पुढे चार पोरांनी बँड काढला तर आबेएफसारख्या शिक्षणमंडळांकडे अभ्यासमंडळ म्हणून नोंद करायची, की तालमीला खोली मिळते. अभ्यास कसला, तर एकत्र वाजवण्याचा! मला हे फार आवडलं. आमच्या वेळी तबल्याची जोडी घेण्यासाठी मी दोन वर्षं पैसे साठवले, आणि ते पैसे ऐन वेळी बहिणीच्या लग्नात गेले. त्याची खंत नाही, बहीण सुखात आहे. पण नातू ट्रम्पेट खांद्याला अडकवून सायकलवरून जातो तेव्हा मी खिडकीतून तो वळेपर्यंत बघत राहतो.

कढीपत्ता

आजोबा, आता घ्या तबला! माझे सासरे ६८ व्या वर्षी पेटी शिकायला लागले.

उप्सालाचे_आजोबा

@कढीपत्ता ठाण्याला परतलो की बघतो. बोटं वळतील का हाच प्रश्न.

फेडर_खाली

वळतात आजोबा. रोज दहा मिनिटं नुसतं 'धा धा तिरकिट'. मला निरोप टाका, ठाण्यात चांगले गुरुजी आहेत.

चाकणवाला

ऐकला. नाशिक फाटा ते घर, तेरापैकी नऊ गाणी झाली. मधे एक 'बस' नावाचं आलं तेव्हा समोर पीएमपीची बसच उभी होती. माझे वडील आहेत अजून, गावी असतात, जुन्नरला. गाडी बाजूला घेतली आणि त्यांना फोन लावला. काय झालं रे म्हणाले, काही नाही म्हटलं, सहजच. मग कांद्याच्या भावावर बोललो पंधरा मिनिटं.

दूरदेशी

@चाकणवाला बरं केलंत. उरलेली चार उद्या ऐका, शेवटचं तर नक्कीच.

सांगलीकर_७१

हा धागा वाचून माळ्यावरचा मर्फी खाली काढला. वडिलांच्या हातचा शेवटचा. दोरी तुटली आहे आणि एक व्हॉल्व्ह काळा पडलाय. माझी बोटं आता जाड झालीत, नातीला बसवलंय दोरी ओवायला. राळ कुठे मिळेल पण? इलेक्ट्रॉनिक्सवाले सगळे तयार पेस्ट देतात, तिला तो वास नाही.

मोली_मांडर

काका, पूजेच्या सामानाच्या दुकानात विचारा. धुपासाठी ठेवतात, खडे असतात पिवळे.

सांगलीकर_७१

अरे हो की! उद्या गणपती पेठेत जातो.