कॅलिफोर्नियात गणित शिक्षक व्हायचंय: नुसतं क्रेडेन्शियल की सोबत मास्टर्सही?

रेषाखंड
पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. आणि दोन वर्षांची एम.एस्सी., दोन्ही गणितात. सध्या एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा), ईएडी म्हणजे काम करायचा परवाना हातात आहे. मिडल स्कूल किंवा हायस्कूलला गणित शिकवायचा विचार आहे. दोन प्रोग्रॅम समोर आहेत: एकात फक्त क्रेडेन्शियल (शिकवण्याचा सरकारी परवाना), दुसऱ्यात क्रेडेन्शियल अधिक एम.एड., आणि फीमध्ये चांगलाच फरक. मास्टर्स लागतंच का? सुरुवात कशापासून करायची? आणि सीसेट (विषयज्ञानाची राज्याची परीक्षा) द्यावीच लागते, की मार्कशीटवर भागतं?

फळा-डस्टर
लागत नाही. तुमच्याकडे एम.एस्सी. असताना दुसऱ्या मास्टर्सवर पैसे घालू नका.

परवाना म्हणजे प्रिलिमिनरी सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल. मिडल आणि हायस्कूल दोन्हींना तोच चालतो. बॅचलर्स, मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण आणि विषयज्ञानाचा पुरावा या त्याच्या मुख्य अटी. मुदत पाच वर्षं. तेवढ्यात नोकरी करता करता इंडक्शन, म्हणजे नव्या शिक्षकांचं मार्गदर्शन, पूर्ण केलं (साधारण दोन वर्षं) की क्लिअर, म्हणजे पक्कं, क्रेडेन्शियल होतं.

मास्टर्सचा संबंध येतो पगाराशी. सार्वजनिक शाळांचा पगार तक्त्यावर ठरतो: उभ्यात नोकरीची वर्षं, आडव्यात बॅचलर्सनंतरची युनिट्स (अभ्यासाचे क्रेडिट). क्रेडेन्शियलची युनिट्स बॅचलर्सनंतरचीच, म्हणजे ती तशीही धरली जातात. तुमच्या एम.एस्सी.ची किती युनिट्स धरणार, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टच्या (स्थानिक शाळा चालवणारी संस्था) एचआरला ईमेलवर विचारा. फोनवरच्या शब्दावर जाऊ नका.

पुढेमागे राज्य बदलणार असाल तर मात्र आधी तिकडचे नियम बघा. न्यू यॉर्कमध्ये सुरुवातीचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं असतं आणि पुढच्या प्रोफेशनल सर्टिफिकेटला मास्टर्स लागतं.

परिमेय
सुरुवात कागदांपासून, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. परदेशी पदवीचं मूल्यमापन कॅलिफोर्नियाच्या क्रेडेन्शियलिंग कमिशनच्या यादीतल्याच एजन्सीकडून करून घ्या. दुसऱ्या कामासाठी केलेलं जुनं मूल्यमापन हाताशी असेल, तरी ती एजन्सी यादीत आहे का ते आधी तपासा. रिपोर्ट कोर्स-बाय-कोर्सच हवा. नुसती पदवी समतुल्य आहे असं सांगणारा स्वस्तातला रिपोर्ट इथे कामाचा नाही.

बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एकत्र पाठवा. नुसती तीन वर्षांची पदवी काही एजन्सी पूर्ण बॅचलर्स धरत नाहीत, आणि एकदा तसा रिपोर्ट आला की तो निस्तरत बसावं लागतं.

आता आपल्या मार्कशीटची गंमत. तिच्यावर नुसतं ‘मॅथेमॅटिक्स पेपर तीन’ छापलेलं असतं. त्यात भूमिती होती की रिअल ॲनालिसिस, हे इथल्या माणसाला कळणार कसं? तो आपला रिपोर्टमध्ये ‘मॅथेमॅटिक्स’ लिहून मोकळा होतो. म्हणून ट्रान्स्क्रिप्टसोबत त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मागवा. आत्ताचा नको, तुम्ही शिकलात तेव्हाचा.

फळा-डस्टर
सीसेटबद्दल: २०२१ च्या कायद्यापासून परीक्षा हा एकमेव मार्ग राहिलेला नाही. त्या विषयातली पदवी किंवा ठरलेल्या सगळ्या घटकांना पुरे पडतील असे कोर्सेस दाखवूनही विषयज्ञान सिद्ध करता येतं. पण वरच्या प्रतिसादातला अभ्यासक्रमाचा कागद नसेल तर ही जुळवाजुळव अडते, आणि मग परीक्षा जास्त लवकर होते.

गणिताचे तीन सबटेस्ट आहेत. पहिला बीजगणित आणि संख्या (नंबर अँड क्वांटिटी), दुसरा भूमिती, संभाव्यता आणि स्टॅटिस्टिक्स, तिसरा कॅल्क्युलस. प्रत्येकात पास व्हायला स्केल्ड (कच्च्या गुणांवरून ठरावीक मापात बसवलेले) २२० लागतात. कॅल्क्युलेटर फक्त दुसऱ्याला चालतो. पहिले दोन केलेत तर ‘फाउंडेशनल-लेव्हल’ मिळतं: अल्जिब्रा, जॉमेट्री, स्टॅटिस्टिक्स शिकवता येतं, कॅल्क्युलस नाही. एम.एस्सी.वाल्यांनी तिसरा सोडू नये. त्यांना अडचण येते ती लेखी उत्तरांत. सिद्धता डोक्यात पक्की असते, म्हणून मधल्या पायऱ्या गाळल्या जातात आणि गुण तिथेच जातात.

रेषाखंड
धन्यवाद, मास्टर्सचा विषय संपला. प्रोग्रॅममधल्या स्टुडंट टीचिंगला (शाळेत प्रत्यक्ष शिकवायचा सराव) पगार असतो का? ईएडीचा उपयोग तिथे होईल का?

पायथागोरसचा_चुलता
साध्या मार्गात सहसा पगार नसतो, आणि बिनपगारी असेल तर ईएडीही लागत नाही. हा सराव, म्हणजे क्लिनिकल प्रॅक्टिस, एकूण किमान ६०० तास. अनुभवी शिक्षकाच्या वर्गात आधी निरीक्षण, मग हळूहळू वर्ग तुमच्या ताब्यात. ईएडी कामाला येतं ते इंटर्न मार्गात: विषयज्ञान आधी सिद्ध केलेलं, १२० तासांचं पूर्वप्रशिक्षण झालेलं, आणि मग पहिल्या दिवसापासून वर्ग तुमचा, पगार शिक्षकाचा, संध्याकाळी कोर्स. अमेरिकेतली शाळा आतून कधी पाहिलीच नसेल तर इंटर्न टाळा, असं माझं मत. चौदा-पंधरा वर्षांच्या तीस मुलांना आवरत आवरत शिकणं जड जातं.

शाळेत पाऊल टाकण्याआधी लाइव्ह स्कॅनवर (डिजिटल यंत्रावर) बोटांचे ठसे, कमिशनचं सर्टिफिकेट ऑफ क्लिअरन्स (पार्श्वभूमी तपासल्याचा दाखला) आणि क्षयाची तपासणी. अमेरिकेच्या संविधानाचा एक कोर्स किंवा परीक्षाही लागते. ती बरेचजण विसरतात आणि शेवटच्या महिन्यात धावपळ होते.

खरा घाम काढते कॅलटीपीए, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याची राज्याची परीक्षा. दोन सायकल (टप्पे), वर्गाचे छोटे व्हिडिओ, न कापलेले, आणि त्यावर लेखी विवेचन. पहिल्या सायकलला तीन मुलं निवडायची असतात, त्यातलं एक इंग्रजी शिकणारं. त्याच्यासाठी काय केलंत, हे नेमकं दाखवावं लागतं. ‘सोप्या भाषेत समजावलं’ लिहून गुण मिळत नाहीत. समीकरण सोडवताना फळ्यावर ‘मी दोन्ही बाजूंतून ___ वजा केले, कारण ___’ अशा धाटणीचं अर्धं इंग्रजी वाक्य लिहून त्या मुलाकडून ते पूर्ण करून घेतलंत, आणि त्याने काय भरलं त्यावरून पुढचा प्रश्न बदललात, तर तो पुरावा.

पालकांची व्हिडिओ-परवानगी पहिल्याच आठवड्यात गोळा करायला लागा. ज्यांचं पत्र आलं नाही ती मुलं चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला बसवायची. आणि आधी दोन मिनिटांचा नमुना काढून मागच्या बाकावरचा आवाज ऐकू येतो का ते बघा.