मांजरीची पिल्लं महिनाभर सांभाळायची आहेत: बाल्कनीतल्या कुंड्या, जाळी आणि शिवणकाम

घोडबंदरची_बाग (ठाणे)
चार पिल्लं, वय साधारण पाच आठवडे. दत्तक जाईपर्यंत महिना-दीड महिना कासारवडवलीच्या फ्लॅटमध्ये राहणार. बाल्कनी आठ फूट रुंद, कठडा साडेतीन फूट, वर कबुतरजाळी आहे. कुंड्यांत मोगरा, तुळस, सदाफुली, कोरफड, मनी प्लांट आणि दोन लिली. खत म्हणून एरंडी पेंड घातलेली आहे. कुठल्या कुंड्या हलवू? माती उकरून तिथेच शी करतात, त्याला काय उपाय? अंथरूण आणि कठड्याचा आडोसा घरीच शिवायचा आहे, कापड कुठलं घेऊ? शिलाई मशीन त्याच खोलीत आहे.

कुंडीवाले_नेरुळ
आधी पेंडीचं बघा, झाडांचं नंतर. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे जहाल विष राहू शकतं आणि वासामुळे प्राणी ती आवडीने खातात. मातीत मिसळली असेल तर वरचा थर काढून भागत नाही. त्या कुंड्या पिल्लं जाईपर्यंत घराबाहेरच ठेवा. बोनमीलचंही (हाडांचा भुगा) तसंच, वासाने ओढतं आणि जास्त पोटात गेलं तर गोळा होऊन अडकतं. हा महिना नुसतं जुनं गांडूळखत पुरे.

लिली कुठली आहे? फुलवाल्याच्या गुच्छात येते ती मोठ्या फुलाची लिलियम किंवा डे लिली असेल, तर आजच घराबाहेर काढा. पान, पाकळी, अंगावर सांडलेला पराग चाटला तरी, इतकंच काय फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराचं मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत निकामी होतं. खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टर. पावसाळ्यात गवतासारख्या पानांतून फुलते ती रेन लिली मूत्रपिंडाला लागत नाही, पण कंद विषारीच. पीस लिली चावली तर तोंड जळतं, लाळ गळते. मनी प्लांटही त्याच जातीचा त्रास देतो. उंच टांगा आणि खाली लोंबणाऱ्या वेली कापून टाका, नाहीतर त्याच शिडी होतात. सदाफुली आणि कोरफड हलवा. मोगरा आणि तुळस, त्यांच्या मातीत पेंड नसेल तर, राहू द्या.

उकरण्याचं मूळ कारण असं की कोरडी भुसभुशीत माती त्यांना आयती शीपेटी वाटते. कुंडीच्या तोंडावर लिंबाएवढे गोल दगड एकमेकांना लागून बसवा. बारीक खडी पंजाने बाजूला होते. सोबत खरी पेटीही हवी: दोन इंच काठाचा पसरट ट्रे, खाण्यापासून लांब. गोळे बनणारी लिटर (शीपेटीत भरायची वाळू) दोन महिन्यांपर्यंत नको, या वयात ती तोंडात घालतात आणि ओली झाली की आतड्यात फुगते. कागदाच्या किंवा लाकडी भुशाच्या गोळ्या वापरा.

टीप_मारणारी (ठाणे)
आडोशाचं सांगते. कबुतरजाळीची भोकं साधारण दोन इंचाची असतात, पाच आठवड्यांच्या पिल्लाचं डोकं त्यातून आरामात जातं. ती जाळी पिल्लांसाठी नाहीच असं धरून चाला.

७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट (बागेची सावलीची जाळी) घ्या. चारही कडा दीड-दीड इंच दोनदा दुमडायच्या, म्हणजे प्रत्येक बाजूला ३ इंच जातात. ८ × ३.५ फुटांसाठी तुकडा ८.५ × ४ फूट कापा. दुमडीच्या आत एक इंची नायलॉनची पट्टी घाला आणि दोन्ही काठांना टीप मारा. सुई १६ नंबर, टाका ४ मि.मी., धागा पॉलिएस्टरच. सुती धागा एका पावसाळ्यात कुजतो. जाळी मशीनच्या दातांत ओढली जाते, म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी धरा आणि नंतर फाडून टाका. दर सहा इंचांवर आयलेट (भोकाला बसवायची धातूची कडी), साधारण ४६ लागतील. आयलेट पट्टीतूनच ठोका. नुसत्या जाळीत ठोकलेली पहिल्या वाऱ्यात फाटून येते. मग केबल टायने कठड्याला आवळा, खालची फट बोटभरही नको. पट्टी, आयलेट, टाय सगळं जांभळी नाक्याच्या बाजारात मिळून जाईल. कठड्याशी स्टूल किंवा उंच कुंडी ठेवलीत तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. आणि एवढं करूनही दार उघडं टाकून बाहेर जायचं नाही.

गोधडी_वाशी
अंथरुणाला जुना होजियरी टी-शर्ट किंवा फ्लीस. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात आणि पिल्लू घाबरून पाय पिरगाळतं. आत सुती साडीचे चार पदर, २४ × १८ इंच, धावदोरा पाव इंचाचा. वर उशीच्या अभ्र्यासारखं कव्हर, मागे सहा इंच पदरावर पदर. बटण, चेन, लेस काही नको. होजियरीला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई लावा, साध्या सुईने टाके सुटतात. कव्हरं तीन करा. पावसात एक धुतलं की दोन दिवस वाळत नाही.

धुताना साधा साबण. फिनाईल आणि डेटॉल दोन्ही मांजराला विषारी, लादी पुसायलासुद्धा नको. ट्रे धुवून, शू पूर्ण निघाल्यावर, एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्याने धुवून कोरडा करा.

आता मशीनचं. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, गिळलाच जातो. एक टोक जिभेखाली अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसाच डॉक्टरकडे न्या. काम झालं की सुईतला दोरा काढायचा, बॉबिन आणि रिळं झाकणाच्या डब्यात, टाचण्या मोजून लोहचुंबकावर. पायाची मशीन असेल तर पायटा हलवण्याआधी दर वेळी खाली वाकून बघा.

घोडबंदरची_बाग (ठाणे)
लिली लिलियमच निघाली, खाली सोसायटीच्या बंद खोलीत ठेवली. मोगऱ्यावर मिलीबग (कापसासारखी पांढरी कीड) आहे, कडुलिंबाचं तेल फवारू का? आणि दूध किती द्यायचं?

कुंडीवाले_नेरुळ
तेल नको. पानावरून अंगाला लागतं आणि चाटून पोटात जातं. मिलीबग ओल्या कापसाने पुसून काढा, मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने फांद्यांचे सांधे धुवा, दर चार दिवसांनी. कुंडी तेवढा वेळ बाथरूममध्ये.

गोधडी_वाशी
गाईचं दूध अजिबात नाही, जुलाब लागतात. पिल्लांचं ओलं खाणं दिवसातून चार वेळा, जमेल तर पिल्लांसाठीच्या दूध पावडरीत कालवून. पाणी उथळ ताटलीत. रोज एकाच वेळी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा. या वयात साधारण अर्धा किलो असतं आणि दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. वजन घटलं किंवा पिल्लू खायला उठलं नाही, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी, डोस डॉक्टरांनी वजनावर ठरवायचा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, म्हणजे तुमच्याकडे असतानाच येईल.