मदत हवी आहे: एमपीव्ही या व्हिडिओ प्लेयरमध्ये आयसीसी प्रोफाइल आणि गडद छटा

माझा मॉनिटर विस्तृत रंगपट्ट्याचा असून कलरीमीटरने (पडद्याचे रंग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून त्याचे आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो पडदा रंग कसे दाखवतो याचे वर्णन करणारी फाइल, तयार केले आहे. एमपीव्हीमध्ये ते लावल्यावर बीटी.७०९ (एचडी व्हिडिओचे रंगमानक) व्हिडिओंतील भडक लाल आणि त्वचेचे रंग जागेवर आले. मात्र त्याच फाइलमधून काढलेले स्थिर चित्र रंगव्यवस्थापन असलेल्या फोटो-दर्शकात उघडल्यास त्यातील सावल्या अधिक उजळ दिसतात, आणि माझ्या रंगदुरुस्तीच्या कामात सावल्यांचाच प्रश्न सर्वांत नाजूक आहे.

व्हिडिओ १६ ते २३५ याच पातळीत (काळा १६, पांढरा २३५ अशा मर्यादित पल्ल्यात) वाचला जात असल्याची खात्री केली असून ड्रायव्हरमधील रंगसुधारणा व एचडीआर दोन्ही बंद आहेत. दुसरा मॉनिटर घेणे शक्य नाही.

अशा वेळी ‘आयसीसी-फोर्स-कॉन्ट्रास्ट’ या एमपीव्हीच्या पर्यायामध्ये (प्रोफाइलवरून ठरणाऱ्या कॉन्ट्रास्टऐवजी आपण दिलेला आकडा वापरणाऱ्या) प्रत्यक्ष मोजलेले कॉन्ट्रास्ट गुणोत्तर (पांढऱ्या व काळ्याच्या उजेडाचे प्रमाण) द्यावे का, की व्हिडिओसाठीचा बीटी.१८८६ आणि स्थिर चित्रांसाठीचा एसआरजीबी हे उजेडाचे वक्रच (सिग्नलच्या पातळीवरून पडद्यावरचा उजेड ठरवणारे) भिन्न असल्यामुळे ही तुलनाच ग्राह्य धरू नये?